जिवंत आमिष

गळ टाकून मासा धरणें योग्य कीं अयोग्य, या प्रश्नाचा विचार आजवर बहुधा मासा आणि माणूस या दोघांसच डोळ्यांपुढें ठेवून झालेला आहे. एकास भूक आहे, दुसऱ्यास प्राण आहे. मग ज्यानें त्यानें आपापल्या धर्मबुद्धीप्रमाणें निवाडा करावा. परंतु या व्यवहारांत एक तिसराही जीव असतो, आणि त्याची दाद सहसा कोणी घेत नाहीं. गळाच्या टोंकाशीं जो अडकविलेला असतो त्याला माणूस खाणार नसतो, त्याच्याशीं कोणाचें वैरही नसतें. आमच्या भाषेंत त्याचें नांव आमिष. या शब्दाचा मूळ अर्थ मांस. म्हणूनच शाकाहारास आपण निरामिष म्हणतों. बोलण्यांत मात्र आमिष म्हणजे लालूच. मांसापासून लालचीपर्यंत हा शब्द ज्या वाटेनें आला, त्या वाटेवर कोठें तरी एक गळ खास असला पाहिजे.

अशा प्रश्नाचा ऊहापोह हवेंत करण्यापेक्षां एका ठराविक माशाच्या शिकारीवरून करणें बरें. अमेरिकेच्या उत्तरेकडील संस्थानांत व कॅनडांत वॉलआय नांवाचा एक मासा आहे. मिनेसोटा संस्थानानें १९६५ सालीं त्यास आपला राज्यमत्स्य ठरविलें. त्याच्या डोळ्यांत प्रकाश परतविणारा एक थर असतो, त्यामुळें अंधुक उजेडांत आणि वाऱ्यानें हेलकावणाऱ्या पाण्यांत, जेथें लहान मासळीस नीट दिसत नाहीं, तेथें त्यास दिसतें. म्हणून तो तिन्हीसांजेस व पहाटेस भक्ष्य शोधावयास निघतो. पण तो मोठा शंकेखोर. भक्ष्य तोंडांत घेतल्यावर मागें ओढ किंवा वजन जाणवलें कीं पुष्कळदां तें टाकून देतो.

या शंकेखोरपणावर माणसानें जी तोड काढली ती पाहण्यासारखी आहे. मिनेसोटांतील ब्रेनर्ड येथें रॉन व अॅल लिंडनर या बंधूंनीं १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जी मांडणी प्रचारांत आणली, तींत शिशाचें वजन दोरीस बांधलेलें नसून केवळ ओंवलेलें असतें. एक लहानशी कडी त्यास गळापासून दोन-तीन फूट अंतरावर अडवून धरते. होडी संथ चालते, वजन तळाला घासत जातें, आणि मागें बारीक गळावर आमिष तरंगत येतें. माशानें तें धरलें कीं शिकारी बोटाखालची दोरी सोडून देतो. दोरी वजनांतून सरसर निघून जाते आणि माशास कशाचाच भार लागत नाहीं. कांहीं क्षण थांबून मग झटका द्यावयाचा. कल्पना इतकी साधी आणि इतकी अचूक आहे कीं तिचें कौतुक केल्यावांचून राहवत नाहीं.

आतां आमिष. वसंतांत लहान मासळी, उन्हाळ्यांत जळू व गांडूळ, शरदांत पुन्हां मासळी आणि तीही मोठी, असा सर्वसाधारण क्रम आहे. होडी चालती असेल तर मासळीच्या दोन्ही ओठांतून गळ काढावा. होडी उभी असेल तर पाठीवरच्या पराजवळ, पण कण्यास धक्का न लावतां टोंचावा, म्हणजे ती पुष्कळ वेळ जगते व धडपडते. जळवेस चोषकाच्या टोंकाशीं अडकवावें, म्हणजे ती लांब होऊन पोहत राहते. गांडुळाच्या डोक्याशीं हलकेंच टोंचावें. त्याच्या अंगांत सुईनें थोडी हवाही भरतात, म्हणजे तें तळापासून वर उचललेलें दिसतें. यांत क्रौर्याची हौस कोठेंही नाहीं. उलट, नवशिक्याचा दांडगा हात आमिष मारून टाकतो, आणि कसलेला शिकारी तें अशा नाजुकपणें हाताळतो कीं पाहणारास ती मायाच वाटावी. इंग्लंडांत आयझॅक वॉल्टन यानें १६५३ सालीं मत्स्यमृगयेवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यांत बेडूक गळास कसा शिवावा हें सांगतांना त्यास प्रेमानें वागविण्याचा उपदेश केला आहे. वाचणारे आजवर त्यावर हंसत आले आहेत. आम्हांस मात्र तो ग्रंथकार ढोंगी वाटत नाहीं. त्याची माया खरी होती. अडचण हीच आहे कीं ती माया खरी असूनही सबंध गळाच्या कामीं लागलेली होती.

यावर पहिला आक्षेप असा येईल कीं, मासळीस अगर जळवेस वेदना होते हेंच मुळीं सिद्ध कोठें आहे? आक्षेप रास्त आहे. जेम्स रोझ यांनीं २००२ सालीं असें प्रतिपादिलें कीं वेदनेची जाणीव होण्यास मेंदूचा जो भाग लागतो तो माशांस नाहीं. पुढच्याच वर्षीं लिन स्नेडन व त्यांचे सहकारी यांनीं ट्राउट माशाच्या ओठांत मधमाशीचें विष व आम्ल टोंचून पाहिलें. इजा टिपणारे मज्जातंतू तर सांपडलेच, शिवाय ज्यांस आम्ल टोंचलें होतें ते मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासूं लागले व खाणें लांबवूं लागले. वाद अद्याप मिटलेला नाहीं. स्वित्झर्लंडनें २००८ च्या नियमांत, कांहीं अपवाद ठेवून, जिवंत मासळीचें आमिष मना केलें. गांडुळास मात्र त्या मनाईचा आसरा नाहीं. कायद्यानें रेषा पाठीच्या कण्यावर ओढली, आणि कोठें तरी ओढावयाचीच तर ती जागा अगदींच वेडगळ नव्हे.

परंतु आमच्या मतें मुख्य प्रश्न वेदना किती, हा नाहीं. जो खाण्यासाठीं मासा मारतो त्यास माशाची तडफड नको असते. ती टळली, एका घावांत काम झालें, तर त्याचें कांहींच बिघडत नाहीं. त्याला हवें असलेलें मांस त्याला मिळतेंच. जिवंत आमिषाची गोष्ट उलट आहे. तेथें धडपड हाच माल आहे. मेलेली मासळी गळास लावतां येते, पण पुष्कळ वेळां तिच्याकडे वॉलआय ढुंकूनही पाहत नाहीं, म्हणून तर जिवंत घ्यावयाची. कोणी म्हणेल, शिकाऱ्यास तरतरीत आमिष हवें असतें, पीडलेलें नव्हे. खरें, पण गळास टोंचलेल्या मासळीची तरतरी म्हणजे सुटण्याची खटपट, याखेरीज दुसरें काय असणार? जळवेविषयीं आम्ही इतक्या खात्रीनें बोलणार नाहीं. मासळीविषयीं बोलतों.

मग सोंग करणाऱ्या लांकडी मासोळीची आठवण होते. फिनलंडांतील लाउरी रापाला या कोळ्यानें १९३६ सालीं बुचाच्या लांकडाची एक मासोळी कोरली; जखमी मासळी जशी लंगडत पोहते तशी ती पाण्यांत चाले. येथेंही फसवणूक आहेच, आणि तीही दुःखाच्या सोंगाची. पण दुःख भोगणारा कोणी नाहीं. वॉलआयला आम्ही खोटें बोललों, तर तें खोटें त्याच्या जन्मसिद्ध कपटाच्या जातीचें आहे. तोही अंधाराचा फायदा घेऊनच मासळी गांठतो. खोटेपणा आणि क्रूरपणा हे दोन दोष आहेत, आणि शिकारींत पहिल्याचें आम्हांस फारसें भय वाटत नाहीं.

व्यवहारही याच बाजूस थोडा कलला आहे. आमिष जितकें खरें, तितकें मासा तें खोल गिळतो, आणि वर वर्णिलेली थांबण्याची युक्ति या गिळण्यास वेळ देते. लहान म्हणून पाण्यांत परत सोडलेला मासा मग घशांतल्या जखमेनें मरतो, उन्हाळ्यांतील कोमट पाण्यांत विशेष. मिल लॅक्स या सुमारें दोनशें चौरस मैलांच्या सरोवरांत वॉलआय रोडावले, तेव्हां २०१६ च्या हंगामांत धरलेला प्रत्येक वॉलआय परत सोडण्याचा आणि त्यासाठीं कृत्रिम आमिषच वापरण्याचा नियम झाला. त्याच सरोवरावर ओजिब्वे लोकांचा १८३७ च्या तहान्वये हक्क आहे, व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो १९९९ सालीं कायम केला. वसंतांत ते वॉलआय भाल्यानें व जाळ्यानें धरतात. गळवाल्यांपैकीं पुष्कळांस ही रीत अखिलाडू वाटते, आणि विस्कॉन्सिनांत १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस यावरून मोठे तंटे झाले. माशांच्या संख्येविषयींची त्यांची काळजी निराळी; पण खिलाडूपणाचाच प्रश्न असेल तर भाल्यास तिसरा जीव लागत नाहीं, एवढें त्यांनीं ध्यानांत घ्यावयास हवें होतें.

सामान निवडतांनाही हाच हिशेब लागतो. तुटून तळाशीं राहिलेलें शिशाचें वजन लून पक्षी खड्यांबरोबर गिळतो व विषानें मरतो. लोखंडाचीं व टंगस्टनचीं वजनें मिळतात, महाग पडतात. वक्राकार गळ बहुतेक ओठाच्या कोपऱ्यांत रुततो, घशांत नव्हे. मात्र त्यास झटका न देतां दोरी नुसती ताणावी लागते, आणि हातास जडलेली संवय मोडावयाची म्हणजे संवयीच्या शिकाऱ्यास तें जिवावर येतें.

राहतां राहिली संध्याकाळची बादली. तींत पांच-दहा मासळ्या व मूठभर गांडुळें जिवंत उरलेलीं असतात. हिमयुगांत बर्फाखालीं गेलेल्या त्या भागांत देशी गांडूळ नव्हतें. युरोपांतून आलेलें हें गांडूळ काठावर सोडलें तर अरण्याचा पालापाचोळा फस्त करून रोपांचा आधारच नाहींसा करतें. मासळी पाण्यांत सोडावी तर तिच्याबरोबर परका रोग सरोवरांत जाण्याचा धोका. म्हणून नको असलेलें आमिष पाण्यांत किंवा काठावर न टाकतां कचऱ्यांत टाकावें, असा मिनेसोटाचा दंडक आहे. जपून ठेवावयाचें तर सरोवराचें पाणी ओतून नळाचें भरावें. दंडक शहाणपणाचा आहे. सरोवर व अरण्य यांचें भलें त्यांत आहे. ज्यांना दिवसभर मरूं दिलें नाहीं त्यांना काळोख पडल्यावर कचऱ्याच्या पेटींत टाकून शिकारी घरीं जातो, आणि दुकानांत दुसऱ्या दिवशीं डझनाच्या हिशेबानें नवीं मिळतात.