दररोज उचलायचा क्रूस



आपल्यामागे येऊ इच्छिणाऱ्याने आत्मत्याग करावा व आपला क्रूस उचलावा, ही प्रभू येशूची शिकवण मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही नोंदविली आहे. पण संत लूक यांनी त्यात एक छोटासा शब्द जास्त लिहिला आहे (लूक ९:२३). तो शब्द म्हणजे 'दररोज'. आज आपण या एका शब्दावर थोडे मनन करू या.

क्रूस म्हटला की आपल्यासमोर रक्तसाक्षी उभे राहतात. आपल्या वसईच्या मातीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर मरण आले. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. त्यांचे नाव घेताना आपली मान ताठ होते. परंतु ते धर्मगुरू नव्हते, तर फ्रान्सिस्कन संघाचे साधे बंधू होते, हे आपण विसरतो. आधी व्यापार केला, पुढे मठात आले आणि आपल्या वरिष्ठांचे बोलणे जपानी लोकांना समजावून सांगणारे दुभाषी झाले. क्रूस त्यांच्या वाट्याला एका दिवशी आला, पण त्या दिवसाआधी सेवेची कित्येक वर्षे गेली होती. रोजच्या लहान होकारांतूनच शेवटचा मोठा होकार तयार झाला.

ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने हीच गोष्ट ख्रिस्तापूर्वी सुमारे साडेतीनशे वर्षे आधी ओळखली होती. माणूस न्यायाची कृत्ये करीत करीत न्यायी होतो, असे त्याचे म्हणणे. एकदा खरे बोलल्याने कोणी सत्यवादी होत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी त्यात श्रद्धेची भर घातली. देवाची कृपा आपल्या मनुष्यस्वभावाला बाजूला सारीत नाही, तर त्याचा हात धरून त्याला पूर्णत्वाला नेते. म्हणजे प्रयत्न आपला आणि बळ देवाचे.

मग हा दररोजचा क्रूस कुठे उचलायचा? चर्चमध्ये तर आपण येतोच. पण 'मिस्सा' हा शब्दच मुळी उपासनेच्या शेवटी निरोप देताना म्हटल्या जाणाऱ्या लॅटिन शब्दांतून आला आहे. त्यात पाठवणीचा अर्थ आहे. चर्चच्या पायऱ्या उतरलो की आपले अनुसरण सुरू होते.

शुभवर्तमानात पाहा. जकातदार आणि शिपाई योहानाकडे आले व आम्ही काय करावे, असे विचारू लागले. योहानाने त्यांना रानात येऊन राहा असे सांगितले नाही. जकातदारांना त्याने ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नका असे सांगितले, तर शिपायांना कोणाला छळून पैसा काढू नका, पगारात समाधानी राहा असे सांगितले (लूक ३). जक्कयानेही अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचे ठरविले आणि ज्याला फसविले त्याला चौपट परत करण्याचा शब्द दिला (लूक १९). त्याचे तारण त्याच्या घरात, त्याच्या हिशेबाच्या वहीपर्यंत पोहोचले.

आपल्या वहीत काय आहे? घरकाम करणाऱ्या बाईचा पगार वेळेवर जातो का? दुकानातले माप पुरे आहे का? लग्नात दारूसाठी कर्ज काढून आपण शेजाऱ्यालाही तसेच करायला भाग पाडतो का? आणि एक प्रश्न, जो आपल्या बहुतेक कुटुंबांत दबक्या आवाजात बोलला जातो: जमिनीचा.

जमिनीला भाव आला आणि भावाला भाव राहिला नाही, असे आपणच म्हणतो. एकाच आईच्या कुशीतले दोन भाऊ एकाच मिस्साला येतात, एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेतात आणि बाहेर पडताना एकमेकांकडे पाहत नाहीत. बहिणीला सणाला साडी दिली जाते आणि त्याच आठवड्यात हक्कसोडपत्रावर सही मागितली जाते. तिने विचारले तर 'माहेर तुटेल' असे सांगितले जाते. आपण लक्षात ठेवू या की, मृत्युपत्र नसेल तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा आपणा ख्रिस्ती लोकांना लागू होतो आणि त्यात मुलगा व मुलगी यांचा हिस्सा सारखाच आहे. बहिणीने मनापासून हक्क सोडला, तर तो तिचा मोठेपणा. पण धाकाने घेतलेली सही कागदावर चालेल, वेदीसमोर चालणार नाही. अर्पण घेऊन वेदीजवळ आलेल्याला आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला प्रभूने सांगितले आहे (मत्तय ५). दुखावलेला भाऊ आपल्याकडे येईल याची वाट पाहा, असे तो म्हणत नाही. तो आपल्याला उठून जायला सांगतो.

'आम्ही गेलो, पण समोरचा दारच उघडत नाही,' असे कोणी म्हणेल. ते खरे असू शकते. दार ठोठावणे आपल्या हाती आहे, उघडणे त्याच्या हाती. प्रभू आपल्याकडे फळाचा नव्हे, पावलाचा हिशेब मागेल. न्यायासाठी कोर्टात जावे लागले तरी ते पाप नव्हे. मनात वैर जपणे हे पाप आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला 'हा तुझा क्रूस आहे, सोस' असे आपल्यापैकी कोणीही म्हणू नये. क्रूस आपण प्रेमापोटी स्वतः उचलायचा असतो. दुसऱ्याच्या खांद्यावर तो लादणे हे पिलाताच्या शिपायांचे काम होते. अशा भगिनीच्या पाठीशी उभे राहणे हाच तेव्हा आपला क्रूस.

या आठवड्यात आपण एक साधा नेम करू या. संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकविल्याप्रमाणे रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसून दिवस आठवू या. आज देवाने काय दिले? आज कोणाचे देणे राहिले, मग ते पैशाचे असो वा शब्दाचे? उद्या कोणाच्या दारी जायचे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एकच नाव मनात येऊ द्या आणि त्या नावासाठी प्रार्थना करा. मन जड असेल तर प्रायश्चित्त संस्काराला या. त्यासाठी आमचे दार कोणत्याही वेळी ठोठवा.

पुढच्या रविवारी शांतीचे अभिवादन करताना आपला हात शेजारच्या माणसापर्यंत तर जाईलच. ज्याच्याशी बोलणे बंद आहे तो दोन बाकांपलीकडे उभा असेल, तर तेथपर्यंतही तो पोहोचो, ही आपल्या सर्वांसाठी प्रभूचरणी प्रार्थना.

आपला,
प्रमुख धर्मगुरू