काम झालं, पण विचारायचं कोणाला?

"नगरसेवक नव्हते तेव्हा काय अडलं होतं?"

गेल्या काही वर्षांत नाशिकमध्ये हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं आहे. हे बोलणारे लोक हुकूमशाहीचे चाहते नसतात. त्यांचा मुद्दा अगदी साधा असतो. महापालिकेत प्रशासक होता तेव्हाही घंटागाडी येत होती, नळाला पाणी येत होतं, रस्त्यावरचे दिवे लागत होते. मग १२२ माणसं निवडून आणायची, त्यांची भांडणं बघायची, टक्केवारीच्या चर्चा ऐकायच्या, हे सगळं कशासाठी?

मला हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. वरवर तो महापालिकेचा आहे, पण खाली एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. आपल्याला न विचारता कोणी आपलं भलं करत असेल, तर आपलं नेमकं काय हरवतं?

आधी घडलं काय ते पाहू. नाशिक महापालिकेची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ रोजी झाली. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं की पालिकेची मुदत पाच वर्षांची आणि पुढची निवडणूक ती संपण्याआधी व्हायला हवी. पण ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेत सरकारागणिक झालेले बदल, त्यावरच्या याचिका, असं करत निवडणूक लांबत गेली. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ रोजी. म्हणजे जवळपास चार वर्षं शहराचा कारभार प्रशासकाकडे होता.

माझ्या वयाच्या मुलामुलींसाठी याचा अर्थ वेगळाच होता. २०१७ च्या त्या मतदानानंतर ज्यांना अठरा पूर्ण झाली, त्यांच्यातला मी एक. दोन लोकसभा आणि दोन विधानसभा यांच्यासाठी मी मत दिलं. दिल्लीत कोण बसणार हे ठरवण्यात माझा वाटा होता. माझ्या गल्लीतल्या ड्रेनेजबद्दल मात्र सव्वीस वर्षांचा होईपर्यंत मला कोणी मत विचारलं नव्हतं.

प्रशासक असतो तेव्हा नेमकं काय बदलतं? १९४९ च्या महापालिका कायद्यात कामाची एक वाटणी आहे. आयुक्त अंमलबजावणी करतो. मोठे खर्च स्थायी समिती मंजूर करते. धोरण आणि अंदाजपत्रक महासभेत ठरतं. ही वाटणी म्हणजे एकमेकांवर नजर ठेवायची सोय आहे. प्रशासकाच्या काळात या तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसतो. प्रस्ताव मांडणारा तोच, चर्चा करणारा तोच, मंजूर करणारा तोच आणि खर्च करणाराही तोच. तो माणूस प्रामाणिक असू शकतो, कष्टाळू असू शकतो. पण "हा खर्च का?" असं त्याला विचारण्याचं ज्याचं कामच आहे, असा दुसरा कोणी त्या इमारतीत उरत नाही.

इथे मला आपल्या भाषेतले दोन शब्द आठवतात. एक 'जबाबदारी', दुसरा 'उत्तरदायित्व'. पहिला अरबी-फारसीतून आलेला, दुसरा संस्कृतातून. दोघांच्या पोटात गोष्ट एकच आहे: उत्तर. ज्याला जबाब द्यावा लागतो तो जबाबदार. पण रोजच्या बोलण्यात आपण 'जबाबदारी' म्हणजे 'अंगावर पडलेलं काम' असा अर्थ करून टाकला आहे. काम केलं की जबाबदारी पार पडली. उत्तर द्यायचा भाग गळून गेला. "काय अडलं होतं?" या प्रश्नातही तेच होतं. तो कामाबद्दल विचारतो, जबाबाबद्दल विचारतच नाही.

माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारं सर्वांत भक्कम उदाहरण नाशिकचंच आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले. शिस्तीचे, वेळेचे पक्के, कोणाचं न ऐकणारे अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी मोकळ्या जागांवरच्या करात मोठी वाढ केली. शेतजमिनीही त्यात आल्या, शेतकरी चिडले, महासभेने विरोध केला. ऑगस्ट संपता संपता नगरसेवकांनी त्यांच्यावर अविश्वास ठरावाची तयारी केली. त्यांच्या समर्थनार्थ नागरिक रस्त्यावर उतरले. मुख्यमंत्र्यांच्या हस्तक्षेपानंतर ठराव मागे घेतला गेला. आणि नोव्हेंबरमध्ये, नऊ-दहा महिन्यांतच, मुंढ्यांची बदली झाली.

त्या वेळी शहराचे दोन तट पडले होते. एकीकडे प्रामाणिक अधिकारी, दुसरीकडे स्वार्थी नगरसेवक. सिनेमासारखी मांडणी होती आणि बाजू निवडणं सोपं होतं. पण त्या गदारोळात मूळ प्रश्न हरवला. वाढत्या शहराने मोकळ्या जमिनीवर किती कर लावावा? पिकाखालची जमीन आणि भाव वाढायची वाट बघत पडलेला प्लॉट यांत फरक करावा का? हे खरे, अवघड प्रश्न होते. करवाढ कदाचित योग्यही असेल. पण ती योग्य आहे हे शहराला पटवून द्यायला हवं असं एका बाजूला वाटलं नाही, आणि ती अयोग्य असेल तर पैसा कुठून आणायचा हे सांगायला हवं असं दुसऱ्या बाजूला वाटलं नाही.

आणि शेवट कोणी ठरवला? समर्थकांनीही नाही, विरोधकांनीही नाही. मंत्रालयातून एक आदेश निघाला. ज्या एका आदेशाने चांगला अधिकारी येतो, तशाच एका आदेशाने तो जातो. त्यानंतर प्रशासकाच्या चार वर्षांतही नाशिकने किमान चार आयुक्त पाहिले. त्यांतला कोण का आला आणि का गेला, हे विचारायची जागा आपल्याकडे नव्हती. चांगुलपणा असा मिळाला तर तो नशिबाचा भाग असतो. नशीब चांगलं असलं की आनंद होतोच, पण त्यावर आपला हक्क नसतो.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८६१ मध्ये प्रातिनिधिक शासनावर लिहिताना नेमका हाच प्रश्न घेतला होता. समजा, एक सर्वज्ञ, सद्गुणी, अथक काम करणारा एकाधिकारी मिळाला. तर काय बिघडलं? त्याचं उत्तर असं की, अशा राज्यात माणसं कशी घडतील ते बघा. ज्यांना स्वतःच्या सामाईक गोष्टींबद्दल काही ठरवायचंच नाही, ती विचार करणं सोडून देतात. कारभार चांगला चालेल, पण नागरिक घडणार नाहीत. मात्र याच मिलने आयुष्याची पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी केली, आणि भारतासारख्या देशातले लोक स्वराज्याला अजून तयार नाहीत असं तो मानत होता. चांगल्या एकाधिकाऱ्याचा धोका त्याला दिसला, पण आपल्यापुरता त्याने अपवाद केला.

पुढे १८८२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव आणला. त्यातला युक्तिवाद आजही ताजा वाटतो. स्थानिक मंडळं आणायची ती मुख्यतः कारभार सुधारेल म्हणून नव्हे, तर लोकांचं राजकीय शिक्षण होईल म्हणून. सुरुवातीला चुका होतील हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. "लोक अजून तयार नाहीत" असं म्हणणाऱ्या आपल्याच अधिकाऱ्यांना ते उत्तर होतं. आज तेच वाक्य आपण आपल्याच शेजाऱ्यांबद्दल बोलतो. "लोक पैसे घेऊन मत देतात, त्यांना निवडून द्यायला सांगून काय फायदा?" असं म्हणणारा माणूस मिलच्या अपवादाच्या ओळीत उभा असतो. फक्त त्या ओळीत तो स्वतःला धरत नाही.

दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. निवडणूक झाली म्हणजे जबाब मिळाला, असं मुळीच नाही. नाशिकमध्ये बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक असतात. नळाला पाणी आलं नाही तर चौघांपैकी कोणाला धरायचं? चौघं एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. नगरसेवक म्हणतो, अधिकारी ऐकत नाहीत. अधिकारी म्हणतो, सभागृहाने मंजुरी दिली नाही. सभागृह म्हणतं, राज्याने निधी दिला नाही. महापौराचं पद अडीच वर्षांचं आणि अधिकार बरेचसे मानाचे. स्मार्ट सिटीची कामं वेगळ्या कंपनीकडे होती. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा १.१ किलोमीटरचा 'स्मार्ट रोड' होईपर्यंत लोकांनी वर्ष-दोन वर्षं धूळ खाल्ली, तेव्हा तक्रार महापालिकेकडे करायची की कंपनीकडे, इथूनच सुरुवात होती. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी वेगळं प्राधिकरण आहे. शहर वाढतं तसे निर्णय घेणारे वाढतात, पण उत्तर देणारे वाढत नाहीत.

आणि शहर तर वाढतंच आहे. नाशिक, नाशिक रोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि आसपासची गावं एकत्र करून १९८२ मध्ये महापालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसहा लाखांच्या पुढे होती, २००१ मध्ये पावणेअकरा लाख, २०११ मध्ये जवळपास पंधरा लाख. २०२१ ची जनगणना लांबली. म्हणजे नवे टॉवर, नव्या पाइपलाइन, नवे रस्ते यांची आखणी करताना आपल्याकडची शेवटची पक्की मोजणी २०११ ची. वाढीचा प्रत्येक निर्णय कोणाला तरी देतो आणि कोणाकडून तरी घेतो. पूररेषेत कोणाला बांधू द्यायचं, कोणाच्या शेतातून रस्ता न्यायचा, आधी पाणी कोणत्या भागाला. अशा निर्णयांना गणितासारखं एकच बरोबर उत्तर नसतं, म्हणून ते एकट्या तज्ज्ञावर सोडून चालत नाहीत. ज्याच्याकडून घेतलं जातं, त्याच्यासमोर कारण सांगावं लागतं.

नोव्हेंबर २०२५ मधलं तपोवन आठवा. सिंहस्थाच्या साधुग्रामसाठी तिथली सतराशेहून अधिक झाडं तोडण्याचा किंवा हलवण्याचा प्रस्ताव आला. कायद्याप्रमाणे हरकती मागवल्या गेल्या, लोकांनी त्या शेकड्यांनी दिल्या, सुनावणीत गदारोळ झाला, अभिनेते सयाजी शिंदे मैदानात उतरले. बाजू दोन्हीकडे होत्या. लाखो भाविक येणार तर जागा लागणारच. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ जणांचा जीव गेला होता, तेव्हा गर्दीसाठी मोकळी जागा हा चैनीचा मुद्दा नाही. आणि शहराच्या मध्यावरची मोठी झाडं हाही चैनीचा मुद्दा नाही.

पण तेव्हा रचना काय होती ते बघा. जागा मागणारी महापालिका, हरकती ऐकणारे महापालिकेचे अधिकारी, आणि सभागृह रिकामं. वर्षाच्या सुरुवातीला पालकमंत्र्यांच्या नेमणुकीलाही स्थगिती मिळालेली. त्यामुळे लोक झाडांपाशी जमले, कॅमेऱ्यासमोर बोलले, न्यायालयाकडे वळले आणि मुंबईतल्या मंत्र्यांच्या निवेदनांची वाट बघत राहिले. विचारणारे भरपूर होते. "तुम्ही मला विचारलंत, हे माझं कारण, पटलं नाही तर मला पाडा" असं म्हणायला बांधलेला शहरात एकही माणूस नव्हता. "काय अडलं होतं?" याचं माझं उत्तर हे आहे. घंटागाडी अडली नव्हती, हे अडलं होतं.

आता सभागृह आहे. म्हणून सगळं सुरळीत होईल असं मला वाटत नाही. मिळालेली जागा आपण वापरतो का, हा पुढचा प्रश्न आहे. पन्नास कामं करणाऱ्या नगरसेवकालाही आपण साधारणपणे एकच गोष्ट विचारतो: आमच्या कॉलनीचं काय? पाणी आलं नाही की फोन, आलं की विसर. याला मी तक्रार म्हणेन, जबाब मागणं म्हणणार नाही. तक्रार आपल्या नळापुरती असते. आपल्या नळाला पाणी आलं तेव्हा कोणाच्या नळाचं गेलं, हे विचारणं म्हणजे जबाब मागणं.

अशी विचारणा काम बिघडलेलं असतानाच करायची, असंही नाही. रस्ता चांगला झाला तरी विचारता येतं: हाच रस्ता आधी का, किती पैशांत, कोणी ठरवलं? यात संशय नाही, अपमान नाही. प्रामाणिक नगरसेवकाला आणि प्रामाणिक अधिकाऱ्याला तर हा प्रश्न हवासाच वाटला पाहिजे, कारण त्यांच्याकडे उत्तर असतं. माहितीचा अधिकार २००५ पासून देशभर आहे, अंदाजपत्रक जाहीर होतं, प्रभाग समित्यांची तरतूद घटनेतच आहे. माझ्या प्रभागातल्या चार नगरसेवकांची नावं मला पाठ आहेत. त्यांना विचारायचा पहिला प्रश्न मी लिहून ठेवला आहे, आणि तो आमच्या गल्लीबद्दलचा नाही.