काटा खाली आला, तर आधी बसा

इंजिन बंद करा. पाना खाली ठेवा. हेड, चेंबर, पंप, कशालाच अजून हात लावायचा नाही. एखादं फळकूट ओढून घ्या आणि इंजिनाशेजारी बसा.

जुलै संपत आला आहे. १ जूनला ६१ दिवसांची मासेमारी बंदी लागली, धाकटी डहाणूला आणि झाईला बोटी किनाऱ्याला लागल्या, आणि त्यातल्या काहींची इंजिनं खोलली गेली. तुमच्या समोरचं हे त्यातलंच एक. लाइनर-पिस्टन नवे, क्रँक ग्राइंडिंग होऊन आलेला, बेअरिंग नवी, वाल्व घासून बसवलेले. चालू केलं तेव्हा आवाज चांगला आला, ऑइलच्या दाबाचा काटाही वर गेला. मग इंजिन तापलं आणि काटा उतरायला लागला. आता तांडेल तुमच्या तोंडाकडे बघतोय आणि मालक मनात बर्फाचा नि डिझेलचा हिशोब मांडतोय. तलासरीला महामार्गालगतच्या गॅरेजात हीच गोष्ट ट्रकची होते. गाडी चारोटीच्या टोलला रांगेत उभी राहिली की काटा तळाला जातो, आणि ड्रायव्हर भाडं पोचवायची तारीख सांगत तुमच्या डोक्यावर उभा राहतो.

अशा वेळी पहिला विचार येतो, "पुन्हा खोलू या." येऊ द्या. बसू द्या त्यालाही शेजारी. लगेच त्याचं ऐकू नका.

एक सावकाश श्वास घ्या आणि स्वतःला विचारा : ऑइलचा दाब तयार कुठे होतो?

"पंपात" हे उत्तर आपसूक येतं. थोडं थांबा. पंप ऑइल नुसतं पुढे ढकलतो, दर फेरीला ठरलेल्या मापाचं. पुढची वाट अरुंद असते म्हणून दाब तयार होतो. घोलवडच्या चिकूवाडीत झाडांना पाणी देताना पाइपाच्या तोंडाशी अंगठा दाबला की धार लांब जाते. मोटर तीच, पाणी तेच. अंगठा सैल केला की धार पायाशी पडते. इंजिनात अंगठ्याचं काम बेअरिंगमधली फट करते.

म्हणजे काटा खाली आला तर ऑइल कमी येत असेल, नाहीतर पातळ झालं असेल, नाहीतर कुठेतरी वाट हवी त्यापेक्षा मोकळी असेल. किंवा काटाच खोटं बोलत असेल.

त्या काट्यापासूनच सुरुवात करा. खाऱ्या हवेत विजेच्या गेजचं काही सांगता येत नाही. अर्थिंगला गंज चढतो, सेंडर बिघडतो. मुख्य गॅलरीला नळीचा साधा मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन गरम असताना पुन्हा बघा. दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड हा गॅरेजांतला जुना ठोकताळा आहे. ठोकताळाच तो, कंपनीच्या पुस्तकातला आकडा त्याच्या वरचढ. या एका गेजने वाचवलेली इंजिनं कोणी मोजत नाही, कारण ती खोललीच जात नाहीत.

गेज खरं बोलत असेल तर डिपस्टिक काढा. घाई नको. बोटावर थेंब घ्या, चोळा, वास घ्या. डिझेलचा वास येतोय? पातळी भरली त्यापेक्षा वर आली आहे? मग फीड पंप किंवा इंजेक्टरकडून डिझेल खाली उतरतंय, आणि ऑइल पातळ होतंय. ऑइल दुधाळ दिसतंय? मग कुठूनतरी पाणी शिरतंय, आधी कूलर बघा. दोन्हींत बेअरिंगचा दोष नाही, पण तसंच चालवत राहिलात तर बेअरिंगचा बळी जाणार हे नक्की.

आता डोळे मिटा आणि चेंबरमधल्या ऑइलच्या एका थेंबाबरोबर चालायला लागा.

पहिली जागा स्ट्रेनर. चेंबर बसवताना सिलिकॉन हात सैल सोडून लावलं होतं का? आत पिळून निघालेली त्याची चिंधी सुटते आणि जाळीवर येऊन बसते. तिथून वर सक्शन पाइप. त्याच्या जोडाचं गॅस्केट नीट बसलं नसेल तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो आणि काटा थरथरतो. इथे एक सोपी परीक्षा आहे. ऑइल थोडं जास्त भरून पाहा. काटा सुधारला, तर तो जोड आता ऑइलखाली बुडाला असं समजा आणि हवा तिथूनच येत होती असं धरून चाला. परीक्षा झाली की जास्तीचं ऑइल काढून टाका.

मग पंप, आणि त्याच्याजवळचा रिलीफ वाल्व. इथे जरा जास्त वेळ थांबा, कारण हाताला सगळ्यात जास्त मोह इथेच होतो. वाल्वच्या स्प्रिंगखाली एक वॉशर टाकायचा, की काटा वर, असं वाटतं. किती जणांनी टाकला असेल! पण विचार करा. हा वाल्व दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला तरच उघडतो. गरम इंजिन रिकाम्या चालीवर असताना दाब मुळात कमी, म्हणजे वाल्व बंदच. बंद दाराला आणखी एक कडी लावून काय मिळणार? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सीटवर धातूचा कण अडकून वाल्व उघडा राहिला असेल, तर गोष्ट वेगळी. मग काढा, धुवा, सीट तपासा. वॉशर मात्र खिशातच राहू द्या. जाड ऑइल भरण्याचा उपायही त्याच जातीचा. त्याने मालकाचं समाधान होतं, इंजिनाचं नाही.

थेंब फिल्टरमधून गॅलरीत आला. ब्लॉक मशीनशॉपला धुवायला दिला होता ना? धुण्यासाठी गॅलरीचे प्लग काढतात. ते सगळे परत बसले का, हे आठवा. आतल्या बाजूचा एक प्लग राहिला तर ऑइल थेट चेंबरमध्ये कोसळतं आणि बाहेर एक ठिपकाही दिसत नाही. तसं असेल तर गार इंजिनातही काटा वर येणार नाही. तुमचा गार असताना वर होता, म्हणून इथून पुढे निघा.

आता बेअरिंग. जर्नलच्या दर इंच व्यासाला साधारण एक थाऊ फट, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तीन इंची जर्नलला तीन थाऊ. क्रँक वापीला नेलेला असो की बोईसरला, ग्राइंडरचा हात दोन थाऊ जास्त चालला तर तीनची फट पाच होते. पाच म्हणजे किती मोठी? फटीतून जाणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. तीनची पाच झाली की गळती साडेचार पटीच्या वर जाते. या आकड्याशी जरा वेळ राहा. डोळ्याला न दिसणारे दोन थाऊ, आणि पंपाने आणलेलं ऑइल वाटेतच संपतं.

म्हणून मायक्रोमीटर. पेटीवर "२०" छापलंय म्हणून शेल वीसचा असं धरू नका, शेलच्या पाठीवरचा शिक्का वाचा. फट मोजायला प्लास्टिगेजचा बारीक धागा मिळतो. तो जर्नलवर ठेवून कॅप टॉर्कला आवळायची, पुन्हा खोलायची, आणि चेपलेला धागा किती पसरला ते पट्टीवर बघायचं. कॅमशाफ्टचे बुश आणि रॉकर शाफ्टही विसरू नका. मेन आणि बिग एंड नवे टाकून कॅमचे बुश जुनेच ठेवण्याची कंजुषी फार चालते.

दाब कमी झाला की क्रँक लगेच का पकडत नाही, असाही प्रश्न मनात येईल. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या धुऱ्यांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला त्याने वरून भोक पाडलं, तर तेल उलट बाहेर यायला लागलं. लाकडी बूच ठोकलं, तेही वर सरकून निघालं. गेज लावला तर २०० पौंडांच्या वर दाब. तिथे पंप नव्हताच. फिरणारा दांडा स्वतःच तेल पाचरीसारखं आत ओढत होता. १८८६ मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. क्रँकही तसाच स्वतःच्या फिरण्याने तेलावर तरंगतो. पंपाने फक्त दारापर्यंत ऑइल पुरवत राहायचं असतं. पण पुरवठा तुटला की ती पाचर उरत नाही, आणि मग धातूवर धातू. म्हणून काटा खाली असताना "बघू या, बसेल आपोआप" म्हणत इंजिन पळवू नका.

आता डोळे उघडा आणि पाना उचला. बाहेरून आत, याच क्रमाने जा. दुरुस्ती झाली की समुद्रात लगेच निघू नका. धक्क्याला बांधूनच तासभर चालवा, आणि पूर्ण तापल्यावर रिकाम्या चालीवरचा गेजचा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा. दर महिन्याला लिहा. पुढच्या जूनमध्ये चेंबर उघडायचं की नाही, हे त्या वहीत बघून ठरवा.