तासाभराचं माणूस

पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून महाराष्ट्रात एसटीचा प्रवास मोफत आहे. योजना चांगलीच, आणि लोकांनी ती मनापासून वापरली. पण एसटीची पहिली पायरी उंच असते. ती चढायला ज्यांना कुणाचा तरी हात लागतो, त्यांना तिकीट माफ होऊन काय उपयोग? म्हाताऱ्या माणसांवर होणाऱ्या सगळ्या सरकारी खर्चात मला हीच उणीव दिसते. पैसे मिळतात, वस्तू मिळतात. हात देणारं माणूस मिळत नाही.

केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन 60 ते 79 वयाला महिना 200 रुपये. हा आकडा पंधरा वर्षांहून अधिक काळ जागचा हललेला नाही. श्रावणबाळ योजनेत राज्याची भर पडून ते 1500 होतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, श्रवणयंत्र, कमोडची खुर्ची असल्या वस्तूंसाठी एकदाच 3000. सत्तरी गाठलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून वर्षाला 5 लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार. म्हणजे न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं की सरकार धावून येतं. घसरू नये म्हणून आंघोळीच्या वेळी कुणी दाराबाहेर उभं राहावं, तर त्यासाठी छदाम नाही.

रत्नागिरीकडच्या एका वाडीतल्या काकी आठवतात. मुलगे मुंबईला, घर मोठं, डोकं शाबूत. अंगणातल्या नळाखाली कळशी भरायची, पण उचलवत नसे. मग तांब्या-तांब्याने पाणी आत. सिलिंडर संपला की रेग्युलेटर बदलायला कुणी वाटेने जाईपर्यंत चूल पेटवायची. पायाची नखं कापायला वाकता येत नसे, म्हणून ती वाढून चपलेत टोचत. औषधांचे पैसे मुलगा वेळेवर पाठवी. पैशांची ददात नव्हती, आजारही मोठा नव्हता. दिवसाकाठी तासभर कुणी आलं असतं तर सगळं निभलं असतं.

हा तासच बाजारात मिळत नाही. शहरात ब्युरोला फोन केला की बारा तासांची नाहीतर चोवीस तासांची मावशी मिळते. तेवढा खर्च पेलणारी घरं थोडी, आणि ज्यांना तो पेलतो त्यांनाही अनेकदा गरज असते ती सकाळच्या तासाचीच. उरलेले अकरा तास मावशी टीव्ही बघते आणि म्हाताऱ्यांना उगीचच आजारी असल्यासारखं वाटू लागतं. सहा घरांचा एकेक तास एकत्र बांधायचा तर मध्ये कुणीतरी सार्वजनिक यंत्रणा हवी. जपानने 2000 पासून यासाठी विमाच काढला: चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा हप्ता, जवळजवळ तेवढीच भर सरकारी तिजोरीतून, आणि त्यातून घरी येणारी माणसं.

‘हे मुलासुनेचं काम’ असं कुणी म्हणेलच. त्यात ‘मुला’ हा शब्द शोभेपुरता असतो, एवढंच म्हणतो. 2007च्या कायद्याने मुलाकडून महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळवता येतो. पण मुंबईतल्या मुलाकडून न्यायाधिकरण पैसे मिळवून देईल, कळशी कशी उचलवून घेईल?

मग ग्रामपंचायतीने एक बाई नेमावी. इथे गंमत आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा अबंधित निधी गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा असतो. फक्त पगार आणि आस्थापनेवर तो खर्चता येत नाही. त्यातून पेव्हर ब्लॉक बसतात, बाकडी येतात, विरंगुळा केंद्राची भिंत रंगते. तिथवर ज्यांना चालत जाता येत नाही, त्यांच्या घरी जाणारी बाई मात्र बसत नाही. ऑडिटला बाकडं दाखवता येतं, कापलेली नखं कशी दाखवणार?

केरळने वेगळी वाट काढली. कोझिकोडला 1993 मध्ये सुरू झालेलं वेदनाशामक सेवेचं काम शेजारच्या मलप्पुरममध्ये वाडीवस्तीवर पोचलं. आधी लोकांच्या किरकोळ देणग्या, मग 2008 मध्ये राज्याचं धोरण, मग पंचायतींच्या योजनेत तरतूद. आता पंचायतीची नर्स घरोघर जाते, जखमा धुते, नळी बदलते. ही सेवा मुळात आजाऱ्यांसाठी, काकींसारख्या धडधाकट पण थकलेल्यांसाठी नव्हे. तरीही पंचायत माणसाचा पगार देऊ शकते, एवढं त्यातून सिद्ध झालं.

कोकणात लोकांच्या वर्गणीचा ओघ काही कमी नाही. मुंबईकर मंडळं देवळाच्या जीर्णोद्धाराला लाखो रुपये उभे करतात. पण सभामंडप एकदा बांधला की झाला. बाईला दर एक तारखेला पगार लागतो, आणि तिसऱ्या वर्षी वर्गणी आटते. म्हणून हा खर्च करातूनच झाला पाहिजे. आणि तो टाळायला हे काम आशाताईंच्या माथी मारण्याचा मोह सरकारला होणार, याची मला धास्ती आहे. आधीच्या कामांचं मानधन वाढवून घ्यायला त्यांना गावची कामं टाकून आझाद मैदानात येऊन बसावं लागलं होतं.