सशर्त प्रवेश

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी उत्तम गुणांनी संपादन करून कमला भागवत या तरुणीने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे संशोधनासाठी अर्ज केला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे याच संस्थेचे आरंभीच्या काळातील विद्यार्थी. तेव्हा घराला विज्ञान नवखे नव्हते. अर्ज नाकारला गेला. उणीव गुणांत नव्हती, अर्जदार स्त्री होती. नकार देणारे संचालक होते तीनच वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिकाने गौरविले गेलेले चंद्रशेखर वेंकट रामन. तरुणीने नकार मान्य केला नाही. ती बंगळूरला गेली, कारण विचारले, आणि अखेर तिला प्रवेश मिळाला. मात्र तीन अटींवर. पहिले वर्ष ती नियमित विद्यार्थिनी गणली जाणार नव्हती. कामाच्या दर्जाविषयी संचालकांचे समाधान होईपर्यंत त्या कामास मान्यता नव्हती. आणि पुरुष सहकाऱ्यांचे चित्त तिच्यामुळे विचलित होता कामा नये.

ही कथा बहुधा जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. परंतु जिद्दीचे कौतुक करताना अटींचा विचार बाजूस पडतो, आणि नैतिक प्रश्न तर त्या अटींतच आहे. ज्ञानसंस्था विद्यार्थ्याला आत घेते तेव्हा ती नेमके काय पत्करते? केवळ दार उघडणे, की तो आत टिकावा याचीही काही जबाबदारी?

पहिल्या दोन अटींचे समर्थन अशक्य नाही. विज्ञान हे कठोर शास्त्र आहे. पात्रतेची परीक्षा कोणाचीही घ्यावी, असे म्हणता येईल. पण मग ती सर्वांची घ्यावयास हवी. एकाच्या बाबतीत पात्रता गृहीत धरावी आणि दुसऱ्याने ती वर्षभर सिद्ध करीत राहावी, यात कठोरता नाही, संशय आहे. तिसरी अट तर जातीनेच निराळी. स्वतःच्या कामाची हमी कोणीही देऊ शकेल. दुसऱ्याच्या मनाची हमी कशी द्यावी? ज्याचे चित्त ढळते त्याने ते आवरावे, हा साधा नीतिविचार येथे उलटा केला गेला. दोष एकाचा आणि जामीन दुसऱ्याचा.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, म्हणून त्या न्याय्य ठरत नाहीत. ज्याच्यापुढे दुसरे दारच नाही त्याच्या होकाराला संमती म्हणणे कठीण आहे. पुढे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षाअखेरीस संचालकांचे समाधान झाले, आणि त्यानंतर स्त्रियांना संस्थेचे दार खुले झाले. हे रामन यांच्या बाजूने नोंदविलेच पाहिजे. मत बदलणे मोठ्या माणसांना अधिक जड जाते. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. तरीही त्या पहिल्या वर्षाचा अपमान त्यांनी उतारवयापर्यंत विसरला नाही. साहित्यप्रेमी वाचक दुर्गा भागवतांच्या या भगिनीला कमला सोहोनी या नावाने ओळखतात.

येथे एक तर्कदोष सहज घडतो. चाळणीतून जो दाणा उरला तो उत्तम, म्हणून चाळणीही उत्तम, असे मानले जाते. परंतु खाली गेलेल्या दाण्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नसते. कमलाबाईंपाशी शिकलेले वडील होते, संस्थेची माहिती असलेले चुलते होते, भांडण्यासाठी बंगळूरपर्यंत जाण्याची ऐपत होती. नकाराचे पत्र घडी करून पेटीत ठेवणाऱ्या मुलीची कथा कोणत्या चरित्रात येणार?

हा प्रश्न त्या काळाबरोबर संपलेला नाही. २०१८ पासून आय.आय.टी.मध्ये मुलींसाठी अधिसंख्य जागा निर्माण झाल्या. दार रुंद झाले. पण मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रात इंग्रजी व्याख्यानापुढे मूक होतो, दोन विषय राहतात, आणि तो गावी परततो, तेव्हा ‘झेपले नाही’ एवढ्या दोन शब्दांत संस्था मोकळी होते. त्याच्यावरही न लिहिलेली एक अट होतीच: इतरांना जे घरून मिळाले ते त्याने कोणालाही न विचारता आत्मसात करावे.

आत घेऊनही नाकारता येते, याचे उदाहरण बंगळूरमध्येच आहे. अॅना मणी १९४० मध्ये रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हिरे व माणके यांच्या वर्णपटांवर त्यांनी काम केले, एकटीच्या नावाने पाच निबंध प्रसिद्ध केले, आणि १९४५ मध्ये प्रबंध मद्रास विद्यापीठास सादर केला. एम.एस्सी. नाही, या कारणास्तव विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. त्या हवामानशास्त्राच्या उपकरणांकडे वळल्या, आणि त्या क्षेत्रात पुढे पुण्यात मोठे कार्य केले. पदवी न मिळालेला तो प्रबंध रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात, इतर प्रबंधांच्या रांगेतच, जपून ठेवलेला आहे.