समाधान नेमकं कशाचं?

सत्र संपत आलं की विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर एक फॉर्म येतो. ऑनलाइन शिकवण्याबाबत किती समाधानी आहात? एक ते पाच. बरेच जण 'चार'वर टिचकी मारून मोकळे होतात. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी-समाधानाला गुण असल्यामुळे महाविद्यालयही खूश.

पण त्या चारात काय काय दडलेलं असतं? 2020 साली टाळेबंदीत वर्ग ऑनलाइन गेले, तेव्हा शहरातल्या मुलांचे लोकलचे धक्के चुकले, हजेरीची धास्ती गेली, अंतिम वर्षाची परीक्षा अनेक ठिकाणी बहुपर्यायी प्रश्नांवर निभावली. त्याच वेळी कोकणात, गोव्यातल्या सत्तरी-सांगेत पोरं रेंजसाठी डोंगर चढत होती. पहिल्यांचं समाधान बरंचसं सुटकेचं होतं; दुसऱ्यांची तक्रार शिकवण्यापर्यंत पोचलीच नव्हती.

शिकवणं पोचलं तिथेही समाधान फसवं असू शकतं. रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक घ्या. व्हिडिओत ब्युरेटमधून थेंब पडतो, शंकुपात्रातलं द्रावण अचूक क्षणी फिकं गुलाबी होतं. सगळं समजल्यासारखं वाटतं. प्रयोगशाळेत एक थेंब जास्त पडतो, रंग गडद होतो आणि सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. त्या वैतागात फॉर्म भरायला दिला तर गुण दोनच पडतील. हात मात्र तेव्हाच बसलेला असतो. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असाच होता: स्वतः गणितं सोडवत शिकलेल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटलं, पण चाचणीत तीच सरस ठरली.

म्हणून ऑनलाइन शिक्षण टाकाऊ ठरत नाही. नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून नोकरदारांना, संसार सांभाळणाऱ्या बायकांना वर्गाबाहेर शिकवत आलं आहे. रात्रपाळी करून 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन मंचावरचं व्याख्यान ऐकणाऱ्याला, न कळलेलं तीनदा मागे नेऊन पाहता येणं हे मोठंच सुख आहे. वर्गात तिसऱ्यांदा हात वर करायची हिंमत किती जणांना होते? पण रात्रपाळीवाल्यानं ही वाट गरजेपोटी, समजून-उमजून धरलेली असते. टाळेबंदीत ती सगळ्यांच्याच गळ्यात पडली.

आता सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंतचे श्रेयांक 'स्वयं'वरून मिळवायची मुभा आहे. अशा वेळी समाधानाचा आकडा पाहून कुठला विषय पडद्यावर न्यायचा हे ठरवणं घातक आहे. फॉर्ममध्ये दोनच प्रश्न पुरेत: कुठे अडलात? आणि अडल्यावर विचारायला कोण होतं? दुसऱ्या प्रश्नाची जागा कोरी राहिली, तर वरचा 'चार' आपण वाचूच नये.