दोन बोलींचा कान

परकी भाषा ऐकताना माणूस तिच्यावर आपल्या भाषेच्या स्वनिमांची चाळणी धरतो, असे त्रुबेत्स्कॉयने १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात म्हटले. या रूपकात एक गृहीत दडलेले आहे : श्रोत्याजवळ चाळणी एकच असते. मराठी भाषकांपैकी फार थोड्यांना ते लागू पडेल. वऱ्हाडात घरी ‘डोया’ म्हणणारे मूल शाळेत ‘डोळा’ वाचते. दोन्ही ध्वनी त्याच्या कानी पडतात आणि दोहोंतून ते एकच शब्द ओळखते. भेद ऐकणे व तो अर्थाच्या हिशेबात धरणे या क्रिया वेगळ्या आहेत, हे व्याकरण शिकण्यापूर्वीच त्याच्या अंगवळणी पडलेले असते.

हे मूल पुढे कन्नड शिकू लागले तर? तेथे ‘हालु’ म्हणजे दूध आणि ‘हाळु’ म्हणजे नासलेले, उजाड. शाळेतला ‘ळ’ येथे कामी येईल ही अपेक्षा स्वाभाविक आहे. तिची हमी मात्र देता येत नाही. स्पॅनिशभाषक घरांत वाढून बालपणीच कॅटलान शिकलेल्या, ती सफाईने बोलणाऱ्या बार्सेलोनातील तरुणांनाही त्या भाषेतील दोन ‘ए’कारांतला भेद ऐकणे जड जाते, असे पालिए, बॉश आणि सेबास्तियान-गाय्येस यांनी १९९७ मध्ये दाखवले. केवळ सहवासाने कान उघडत नाही. शिवाय ‘डोया’ आणि ‘डोळा’ एकच मानणाऱ्याला हा भेद सोडून देण्याचीच सवय जडण्याचा संभव आहे. बहुबोलीपणाचा गौरव करणाऱ्यांनी (आणि हा गौरव अलीकडे बराच स्वस्त झाला आहे) ही अडचण टाळू नये.

येथे प्रश्न नैतिक होतो. जे ऐकूच येत नाही त्याचा दोष श्रोत्याला लावता येत नाही. पण ‘पानी’ ऐकून नाक मुरडणारा प्रमाणभाषक ‘न’ आणि ‘ण’ अचूक वेगळे ऐकतो. काय मागितले तेही त्याला कळलेले असते. तरीही तो भेद बोलणाऱ्याच्या जातकुळीच्या खाती मांडतो. हाच गृहस्थ इंग्रजीतील परके ध्वनी आपल्या मराठी ध्वनींत बसवतो आणि परभाषा म्हणून स्वतःला क्षमा करतो. ज्याला प्रमाण मराठीच घराबाहेर शिकावी लागली, त्याच्या ‘पानी’ला ती क्षमा मिळत नाही.